अरगटग्रस्त बाजरी : खळ्यावर व घरात घ्यावयाची दक्षता

बाजरीची कणसे खळ्यावर येऊन पडली की शेतकऱ्याच्या मनावरचा निम्मा भार उतरतो. पावसाची ओढ, गोसावी रोग, पाखरांचा उपद्रव या सर्वांतून जे वाचले ते आता आपले, अशी त्याची समजूत असते. बहुतेक वर्षी ती खरीही ठरते. परंतु ज्या वर्षी पीक फुलोऱ्यात असताना आठ-दहा दिवस आभाळ दाटून राहिले, झिमझिम पाऊस चालू राहिला आणि कणसांवर मधासारखा चिकट द्रव दिसला, त्या वर्षी धान्याच्या राशीबरोबर एक विषही घरात येण्याचा संभव असतो. या विषास अरगट असे म्हणतात. शेतात त्याचा बंदोबस्त करण्याची वेळ टळून गेली असली, तरी खळ्यावर आणि घरात ती टळलेली नसते. किंबहुना माणसाच्या जीवाच्या दृष्टीने खरी वेळ तीच होय.

अरगट हा क्लॅव्हिसेप्स फ्युसिफॉर्मिस नावाच्या बुरशीमुळे होणारा रोग आहे. बाजरीच्या फुलात स्त्रीकेसर आधी बाहेर पडतात व परागकोश त्यानंतर काही काळाने येतात. या मधल्या अवधीत स्त्रीकेसराला पराग मिळाला तर ते लवकरच सुकते आणि बुरशीला आत शिरण्याची वाट बंद होते. पराग मिळण्यास विलंब झाला, त्यातच हवा दमट व ढगाळ असली, तर परागाच्या जागी बुरशीचे बीजाणू आत शिरतात. पाचसात दिवसांत फुलातून फिकट गुलाबी, चिकट द्रव पाझरू लागतो. शेतकरी यास चिकटा म्हणतात. पावसाचे शिंतोडे व या गोड द्रवावर येणारे किडे तो एका कणसावरून दुसऱ्या कणसावर नेतात. पुढील दोन-अडीच आठवड्यांत जेथे दाणा भरावयाचा तेथे काळपट, कठीण गाठ तयार होते. अरगट हा शब्द मूळ फ्रेंच भाषेतील असून त्याचा अर्थ कोंबड्याच्या पायाची आर असा आहे. तुसांतून बाहेर डोकावणारी ती टोकदार गाठ एकदा पाहिली म्हणजे हे नाव का पडले ते निराळे सांगावे लागत नाही.

हा रोग महाराष्ट्राला नवा नाही. १९५६-५७ च्या सुमारास, तेव्हाच्या मुंबई राज्यातील सातारा जिल्ह्यात त्याने साथीचे रूप घेतले. भिडे व हेगडे या शास्त्रज्ञांनी १९५७ साली त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली. पाठोपाठ १९५८ साली, अशी बाजरी खाऊन राज्याच्या दक्षिण भागात झालेल्या विषबाधेची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. १९६५ मध्ये एच. बी. १ हा पहिला संकरित वाण आला व बाजरीचे उत्पन्न वाढले; परंतु संकरित बाजरीवर अरगट अधिक प्रमाणात पडतो असाही अनुभव आला. १९७५ साली राजस्थानातही अरगटग्रस्त बाजरीची विषबाधा झाली. म्हणजे दरवर्षी न येणारा, पण हवा अनुकूल मिळताच अनेक गावांतून एकदम उठणारा असा हा रोग आहे. दोन साथींच्या मध्ये पुष्कळ वर्षे जातात आणि तेवढ्यात घरातील जाणत्या बायामाणसांची पिढी बदलून जाते, ही त्यातील मोठी अडचण आहे.

खाणाऱ्यास काय होते

अरगट मिसळलेल्या बाजरीची भाकरी खाल्ल्यावर साधारणपणे तास-दोन तासांत मळमळ सुरू होते, उलट्या होतात, घेरी येते आणि गुंगी चढून मनुष्य पडून राहतो. बहुधा एकदोन दिवसांत उतार पडतो. एकाच घरातील, एकाच परातीतील भाकरी खाल्लेली माणसे जवळजवळ एकाच वेळी आजारी पडतात, ही या विषबाधेची ठळक खूण समजावी. लहान मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि अशक्त माणसे यांच्या बाबतीत मुळीच वाट पाहू नये.

युरोपात राय नावाच्या धान्यावर क्लॅव्हिसेप्स पुरप्युरिया ही दुसरी बुरशी पडते. तिचे विष निराळ्या जातीचे व अधिक भयंकर आहे. त्याने बोटांकडील रक्तवाहिन्या आकसून हातपाय काळे पडत व झडत. अंगाची आग होत असल्यामुळे मध्ययुगात तेथील लोक या आजारास संत अँथनीचा अग्नी म्हणत. हा आजार दैवी कोप नसून भाकरीतून येतो हे कळण्यास तेथे शतके लागली, आणि बुरशीचे संपूर्ण जीवनचक्र ट्युलान या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५३ साली उलगडून दाखविले. बाजरीच्या अरगटातील द्रव्ये क्लॅव्हिन या गटातील असून त्यांनी अशी बोटे झडत नाहीत. हा फरक येथे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, पुस्तकात रायच्या अरगटाचे वर्णन वाचून कोणी भयभीत होतो, तर ती लक्षणे गावात दिसत नाहीत म्हणून दुसरा निर्धास्त होतो. दोन्ही चूक आहेत. तसेच बाळंतपणातील रक्तस्राव थांबविणारे एक औषध रायच्या अरगटापासून मिळते हे खरे असले, तरी बाजरीवरील काळ्या गाठींना औषध समजून कोणी जवळ बाळगू नये.

भाकरी तव्यावर व निखाऱ्यावर चांगली भाजली म्हणजे विष जळून जाते, अशी समजूत कित्येक ठिकाणी आढळते. तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. पीठ झाल्यावर तर काळी गाठ वेगळी काढण्याचा मार्गच उरत नाही. पिठाचा रंग थोडा काळवंडतो इतकेच. त्यामुळे जे करावयाचे ते धान्य गिरणीत जाण्यापूर्वीच केले पाहिजे.

अरगट की काणी

काळे काही दिसले की त्यास काणी म्हणण्याची रीत आहे. दोहोंची पारख मात्र सोपी आहे. संशयित दाणा दोन नखांत धरून फोडावा. आतून काळी भुकटी उडाली तर ती काणी. दाणा कठीण लागला, कटकन तुटला व आतील भाग करड्या-पांढऱ्या रंगाचा दिसला तर तो अरगट. गाठ दाण्यापेक्षा लांबट असते, तिला बाजरीच्या दाण्याचा गोलसर घाट नसतो. उंदराच्या लेंड्याही राशीत सापडतात. त्या पाण्यात मऊ पडून विरघळतात, अरगटाची गाठ लगेच विरघळत नाही.

मळणीपूर्वीची निवड

शेतात चिकटा दिसलेला असेल तर कापणीच्या वेळीच रोगट कणसे निराळी खुडून वेगळ्या पोत्यात भरावीत. हे काम कंटाळवाणे खरे, पण याच्या तोडीचा दुसरा उपाय नाही. अखंड कणसात काळी गाठ डोळ्यांना सहज दिसते व हाताने काढता येते. एकदा मळणी झाली की गाठी मोडतात, विशेषतः मळणी यंत्रात त्यांचे बारीक तुकडे होतात आणि दाण्याएवढा तुकडा चाळणीतून दाण्याबरोबरच खाली उतरतो. उपणतानाही हलक्या गाठी काही अंशी भुसकटाबरोबर उडतात, परंतु मोडलेले तुकडे राशीतच राहतात. म्हणून ‘दोनदा उपणले, आता काही राहिले नाही’ हे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही.

रोगट कणसांच्या पोत्याची मळणी शक्यतो करूच नये. त्यात चांगले दाणेही असतात हे मान्य केले, तरी ज्या कणसात निम्म्याहून अधिक गाठी आहेत त्यातून निघणारे मापटे-दोन मापटे धान्य जोखमीच्या मानाने फार महाग पडते. वैरणीच्या ताटांस यामुळे बाध येत नाही. मात्र वैरणीत राहून गेलेली काळी कणसे खुडून टाकूनच ती जनावरांपुढे टाकावी.

धान्य कितपत दूषित आहे

भारतीय अन्नसुरक्षा मानकांनुसार धान्यात अरगटग्रस्त दाण्यांचे प्रमाण वजनाने ०.०५ टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. म्हणजे एक क्विंटलमागे ५० ग्रॅम, एका किलोमागे अर्धा ग्रॅम. एक किलो बाजरीत वाणानुसार सुमारे एक लाख दाणे भरतात. अर्धा ग्रॅम म्हणजे त्यातील पन्नासएक दाण्यांचे वजन. हे प्रमाण किती अल्प आहे ते यावरून ध्यानात येईल. राशीकडे उभ्याने पाहून ‘फारसे काळे दिसत नाही’ असा निर्वाळा देणे म्हणूनच व्यर्थ आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने राशीच्या वरून, मधून व तळातून, कडेने व गाभ्यातून मूठमूठ धान्य घेऊन ते एकत्र मिसळावे आणि त्यातील एक किलो पांढऱ्या धोतरावर पातळ पसरावे. उजेडात बसून काळ्या गाठी व त्यांचे तुकडे वेचावेत आणि सोनाराच्या काट्यावर त्यांचे वजन करावे. काम तासाभराचे आहे. ते शेतकऱ्याच्या अंगणात, घरातील माणसांच्या देखत करावे. वेचलेल्या गाठी घरधनिणीच्या तळहातावर ठेवल्या म्हणजे पुढचे पुष्कळसे सांगणे वाचते.

मिठाच्या पाण्याचा उपाय

अरगटाची गाठ निरोगी दाण्यापेक्षा हलकी असते. साध्या पाण्यात हा फरक पुरेसा उघड होत नाही. पाणी मिठाने जड केले म्हणजे गाठी वर तरंगतात व भरलेला दाणा तळाशी बसतो. यासाठी २० टक्के द्रावण लागते. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ पूर्ण विरघळवावे. खडे मीठ स्वस्त पडते व चालतेही, मात्र ते विरघळण्यास वेळ लागतो. तळाशी खडे शिल्लक असतील तर द्रावण तितके हलकेच राहिले असे समजावे. मीठ मुठीने मोजू नये, तोलून घ्यावे. द्रावणात बटाटा टाकून पाहण्याची रीत काही ठिकाणी आहे. बटाटा बुडाला तर मीठ कमी पडले हे निश्चित. पण तो याहून बऱ्याच सौम्य पाण्यातही तरंगतो, सबब बटाटा तरंगला म्हणून द्रावण पुरते झाले असे मानू नये.

पसरट घमेले किंवा पिंप घ्यावे. १० लिटर द्रावणात एका वेळी दोन-तीन किलोपेक्षा अधिक धान्य घालू नये. दाटी झाली की गाठी दाण्यांखाली अडकून पडतात. धान्य हळूहळू सोडावे, काठीने चांगले ढवळावे व पाणी संथ होऊ द्यावे. वर आलेल्या गाठी, तुकडे व पोचट दाणे झाऱ्याने अगर चाळणीने काढून घ्यावेत. पुन्हा ढवळावे, पुन्हा काढावे. हे सर्व काही मिनिटांत उरकले पाहिजे. धान्य फार वेळ ठेवले तर गाठी पाणी पितात, जड होतात आणि खाली बसू लागतात. मग मीठही गेले आणि श्रमही गेले.

पोचट दाणे वर आले म्हणून हळहळण्याचे कारण नाही. ते परत राशीत टाकण्याच्या मोहाने गाठींचे तुकडेही परत जातात.

तळाचे धान्य लगेच काढून स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवावे. बियाण्यासाठी राखलेली बाजरी नीट धुतली नाही तर राहिलेल्या मिठामुळे उगवणीस अपाय होतो. बियाणे सावलीत वाळवावे. खाण्याची बाजरी मात्र त्याच दिवशी उन्हात, पातळ थरात, वरचेवर हात फिरवीत वाळवावी. ओली बाजरी ढिगाने पडून राहिली की तापते, आंबूस वास येतो व तिच्यावर दुसऱ्या बुरशी वाढतात. एक विष काढून दुसरे ओढवून घेण्यासारखे ते होईल. आकाश ढगाळलेले असता हे काम काढूच नये. दाताखाली दाणा कडक तुटू लागला म्हणजे मगच कणगीत भरावा. सगळी रास एका दमात धुण्यापेक्षा आठवड्याच्या दळणापुरती बाजरी धुवून वाळविणे पुष्कळ घरांना सोयीचे पडते. मात्र तोवर न धुतलेल्या पोत्यावर ठळक खूण करून ठेवावी, कारण मूल दळण घेऊन निघते तेव्हा कोणत्या पोत्यातले घेतले हे कोणी विचारीत नाही.

वाळल्यावर पुन्हा पांढऱ्या कापडावर एक किलो धान्य तपासावे. सर्व तुकडे पहिल्याच खेपेस निघतात असे नाही. गरज भासल्यास दुसऱ्यांदा द्रावणातून काढावे. दोनदा काढूनही किलोमागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा अधिक गाठी राहत असतील तर ते धान्य माणसाच्या खाण्यातून बाद समजावे.

काढलेल्या गाठींचे काय करावे

त्या जाळाव्यात किंवा खोल पुराव्यात. उकिरड्यावर टाकल्यास शेणखताबरोबर त्याच शेतात परत जातात. कोंबड्यांपुढे, गुरांच्या आंबोणात वा डुकरांना तर मुळीच घालू नयेत. ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, अरगटग्रस्त बाजरी खाल्लेल्या डुकरिणींना पिल्ले झाल्यावर दूधच आले नाही व पिल्ले दगावली, अशी नोंद १९५९ मध्ये झालेली आहे. ‘माणसाला नको ते जनावराला’ हा नेहमीचा हिशेब येथे लागू पडत नाही.

खारे पाणी संपेपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस वापरता येते. पाण्याची भर घातली तर त्या मानाने मीठही घालावे. शेवटी ते पिकात, विहिरीजवळ अगर गुरांच्या वाटेवर ओतू नये. गुरे मिठाच्या ओढीने ते पितात. पडीक जागी खड्डा खणून त्यात जिरवावे.

धान्य कोणाच्या वाट्याला जाते

एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. काळे पडलेले धान्य कोणी सहसा फेकून देत नाही. स्वतःच्या घरात चांगले ठेवून डागी पोते मजुरीत घालावे, किंवा चार चांगल्या पोत्यांत एक वाईट मिसळून बाजारात न्यावे, हा व्यवहार गावोगाव परिचयाचा आहे. इतर डागी मालाच्या बाबतीत तो फार तर अप्रामाणिक म्हणावा लागेल; अरगटाच्या बाबतीत तो विष घालण्याचाच प्रकार आहे. मजुरीने मिळालेली बाजरी ज्या घरी जाते तेथे दुसरे धान्य बहुधा नसते. तीच भाकरी सकाळी, तीच रात्री, आणि उलट्या झाल्या तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. मिसळल्याने गाठी नाहीशा होत नाहीत. त्या सारख्या वाटल्याही जात नाहीत, कोणा एकाच्याच शेरात अधिक येतात. सबब कार्यकर्त्याने मोठ्या खळ्यांची तपासणी करताना मजुरीसाठी बाजूला काढलेले पोते आधी उघडावयास सांगावे.

धुणे, वाळविणे, वेचणे हे सारे काम बायकांच्या माथी पडते. दिवसभर खुरपून आलेल्या बाईस रात्री घमेल्यात बाजरी ढवळावयास सांगणे सोपे आहे. तेव्हा तिच्या घरच्या पुरुषाने पाणी आणून द्यावे, मीठ तोलावे आणि पिंप उचलावे, एवढे तरी ठरवून घ्यावे. चार घरांनी मिळून एकाच ठिकाणी द्रावण केल्यास मीठही कमी लागते.

घरात कोणास भाकरी खाल्ल्यावर वर सांगितलेली लक्षणे दिसली तर ते धान्य व पीठ तत्काळ बंद करावे, रोग्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे आणि मूठभर धान्य व थोडे पीठ पुडीत बांधून बरोबर द्यावे. भीतीपोटी ते फेकून दिले तर पुढे शोध लागणे कठीण होते. त्याच राशीतील धान्य ज्या ज्या घरी गेले असेल तेथे त्याच दिवशी निरोप पोहोचवावा.

पुढील हंगामासाठी

मळणी झाल्यावर खळ्यावर व शेतात गळून पडलेल्या गाठी पुढील पावसाळ्यात रुजतात. त्यांतून उडणारे बीजाणू नव्या फुलोऱ्यावर येतात. त्यासाठी खळे झाडून कचरा जाळावा. शेताची खोल नांगरट केल्याने गाठी खाली गाडल्या जाऊन त्यांचे बीजाणू वर येऊ शकत नाहीत. त्या शेतात पुढील वर्षी बाजरी न घेता कडधान्य अगर दुसरे पीक घ्यावे. बियाणे रोगमुक्त शेतातील घ्यावे आणि घरचे असल्यास वरील मिठाच्या पाण्यातून काढल्याविना पेरू नये. अंजन गवतावरही ही बुरशी जगते. बांधावर ते असल्यास बाजरी निसवण्यापूर्वी कापून वैरणीस वापरावे, म्हणजे ते फुलोऱ्यात येणार नाही.